कायरोप्रॅक्टिकची पदवी घ्यायची आहे? कॉलेजची मान्यता, राज्याचा परवाना आणि निकालाचे आकडे असे तपासा

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर, म्हणजे मुख्यतः मणका आणि सांधे हाताने हलवून उपचार करणारा, म्हणून काम करायचं तर चार संस्थांशी गाठ पडते. पदवी कॉलेज देतं. त्या अभ्यासक्रमाला मान्यता देते कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन, म्हणजे सीसीई. परीक्षा घेतं नॅशनल बोर्ड ऑफ कायरोप्रॅक्टिक एक्झामिनर्स, म्हणजे एनबीसीई. आणि रुग्णाला हात लावायची परवानगी मिळते ती राज्याच्या लायसन्सिंग बोर्डाकडून. चौघांचे नियम वेगळे, फॉर्म वेगळे, मुदती वेगळ्या. एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. या चौघांची सांगड घालण्याचं काम शेवटी विद्यार्थ्याच्याच अंगावर पडतं, आणि बहुतेकांना हे शेवटच्या वर्षात कळतं.

मी या सगळ्यातून गेले आहे. भारतातली पदवी घेऊन प्रवेश, एनबीसीईच्या चारही परीक्षा, राज्याचा परवाना, आणि त्या प्रत्येक ठिकाणची कागदपत्रांची ये-जा. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात असं: कॉलेज ठरवण्याआधी राज्य ठरवा, आणि माहितीपुस्तिकेतली एक टक्केवारी पाहून पैसे भरू नका, दोन टक्केवाऱ्यांचा गुणाकार करा. तो कसा करायचा ते चौथ्या पायरीत आहे. घाई असेल तर आधी तेवढं वाचा.

१. पदवी नेमकी कसली, ते समजून घ्या

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी केली. परवान्याचा पहिला कायदा कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये केला आणि शेवटचा लुइझियानाने १९७४ मध्ये. मधली साठ वर्षं हा लढा एकेका राज्यात वेगवेगळा लढला गेला. त्यामुळे पन्नासही राज्यांत परवाना मिळत असला तरी नियम मात्र आजही राज्यागणिक बदलतात. हा इतिहास पुढे प्रत्येक पायरीवर आडवा येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगितला.

पदवीचं नाव डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, थोडक्यात डीसी. सीसीईच्या निकषांप्रमाणे किमान ४,२०० तासांचं शिक्षण लागतं. अनेक कॉलेजांत ते चार-चार महिन्यांच्या दहा सत्रांत (ट्रायमेस्टरमध्ये), म्हणजे सुट्ट्या कमी ठेवून सव्वातीन ते साडेतीन वर्षांत संपवतात. काही ठिकाणी क्वार्टरची, म्हणजे तीन महिन्यांच्या सत्रांची पद्धत आहे. ही एमडी नव्हे. एमडीला असते तशी रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, इथे सक्तीची नाही. परवाना हातात आला की दुसऱ्या दिवशी तुम्ही एकट्याने रुग्ण तपासू शकता. म्हणूनच कॉलेजच्या क्लिनिकमधलं शिक्षण किती कसदार आहे याला एवढं महत्त्व आहे. बहुतेकांसाठी देखरेखीखालचा अनुभव तेवढाच असतो.

इथला सापळा: आठवड्याच्या शेवटी चालणारे किंवा काही महिन्यांचे 'स्पायनल मॅनिप्युलेशन'चे, म्हणजे मणका हाताने हलवण्याचे, सर्टिफिकेट कोर्स. हाताची सफाई ते शिकवत असतीलही, पण त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या एकाही राज्यात कायरोप्रॅक्टरचा परवाना मिळत नाही. फिजिओथेरपिस्ट मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं. फिजिओथेरपीची पदवी कितीही चांगली असली तरी ती डीसीच्या जागी चालत नाही. काही विषयांचं क्रेडिट मिळेल की नाही हे कॉलेज ठरवतं, आणि ते उत्तर प्रवेशाआधी लेखी मागून घ्यावं.

२. राज्य आधी, कॉलेज नंतर

ही पायरी लोक शेवटी करतात. ती पहिली का, ते पाहा.

कामाची कायदेशीर व्याप्ती प्रत्येक राज्यात वेगळी आहे. ओरेगॉनमध्ये कायरोप्रॅक्टरला किरकोळ शस्त्रक्रियेपर्यंत मुभा आहे. न्यू मेक्सिकोत जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना ठरावीक यादीतली काही औषधं देता येतात. बाकी बहुतेक राज्यांत औषधांचा प्रश्नच येत नाही. सुया वापराव्यात का, कोणत्या चाचण्या सांगाव्यात, यावरही एकमत नाही. तुम्हाला जे काम करायची आस आहे ते तुमच्या राज्यात कायद्याने करता येतं का, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं.

दुसरं कारण शैक्षणिक अटींचं. सीसीईला प्रवेशासाठी पूर्ण बॅचलर पदवी लागत नाही, ९० सेमिस्टर तास (अमेरिकेतलं क्रेडिट मोजायचं माप) पुरतात. पण काही राज्यांची बोर्डं परवान्यासाठी डीसीबरोबर बॅचलरही मागतात. म्हणजे कॉलेजात प्रवेश मिळाला, पदवी मिळाली, परीक्षा सुटल्या, आणि परवान्याच्या खिडकीवर अडकलात. हातातोंडाशी आलेला घास असा जाऊ देऊ नका.

राज्यांच्या बोर्डांची मिळून एक संघटना आहे: फेडरेशन ऑफ कायरोप्रॅक्टिक लायसन्सिंग बोर्ड्स, म्हणजे एफसीएलबी. तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाची माहिती आहे. तिथून सुरुवात करा, पण अंतिम शब्द राज्याच्या बोर्डाच्या स्वतःच्या पानाचाच धरा. दोन-तीन राज्यं मनात धरून प्रत्येकासाठी या गोष्टी लिहून काढा:

- डीसीखेरीज बॅचलर पदवी लागते का?
- एनबीसीईचे कोणते भाग लागतात? फिजिओथेरपीचा ऐच्छिक पेपर लागतो का?
- राज्याच्या कायद्याची वेगळी परीक्षा आहे का?
- परीक्षेचे गुण किती वर्षं ग्राह्य धरतात?
- सोशल सिक्युरिटी नंबर नसताना अर्ज घेतात का?
- अमेरिकेबाहेरच्या डीसी पदवीला काय नियम लावतात?

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सरकारी शिक्षणसाहाय्याच्या योजनेत असलेल्या कॉलेजांवर केंद्रीय नियमांनी बंधन आहे की आपला अभ्यासक्रम कोणत्या राज्यांच्या परवान्याच्या शैक्षणिक अटींत बसतो हे त्यांनी जाहीर करावं. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर' अशा नावाखाली ही यादी असते, बहुधा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत. ती उघडा आणि तुमचं राज्य शोधा.

३. मान्यता दोन पातळ्यांवर तपासा

'आमचं कॉलेज ॲक्रेडिटेड आहे' हे वाक्य अर्धवट आहे. विचारा: कोणाकडून, आणि कशासाठी?

एक मान्यता असते अख्ख्या संस्थेला. ती हायर लर्निंग कमिशनसारख्या संस्था देतात. तिच्यामुळे विद्यापीठ म्हणून संस्था अधिकृत ठरते. दुसरी मान्यता असते फक्त डीसी अभ्यासक्रमाला, आणि ती देते सीसीई. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सीसीईला १९७४ पासून हा अधिकार मान्य केलेला आहे. परवान्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती ही दुसरी. एखाद्या नावाजलेल्या विद्यापीठाने नवा डीसी अभ्यासक्रम सुरू केला तर विद्यापीठाच्या नावाकडे पाहून हुरळून जाऊ नका. त्या अभ्यासक्रमाला सीसीईची मान्यता मिळाली आहे की अजून प्रक्रिया चालू आहे, ते पाहा. नवे अभ्यासक्रम वाईट असतात असं मी मुळीच म्हणत नाही. पण पहिल्या तुकड्यांना निकालाचा इतिहास पाहायला मिळत नाही आणि मान्यतेची जोखीमही त्यांनाच उचलावी लागते.

तपासायचं कसं? कॉलेजच्या नव्हे, सीसीईच्या संकेतस्थळावर जा. तिथे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी आहे. एकाच संस्थेचे दोन-तीन कॅम्पस असतील तर तुम्ही जाणार तो कॅम्पस त्यात आहे का तेही पाहा. मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, तिची स्थिती काय आहे ते वाचा. 'प्रोबेशन' शब्द दिसला तर मान्यता अजून शाबूत आहे, पण सीसीईला गंभीर त्रुटी आढळल्या आहेत असा त्याचा अर्थ. मग कारण वाचा. पैशाच्या ताळेबंदाची अडचण वेगळी आणि परीक्षेच्या निकालाची वेगळी.

मान्यता जाणं ही केवळ कागदावरची भीती नाही. २००२ साली सीसीईने जॉर्जियातल्या लाइफ युनिव्हर्सिटीच्या डीसी अभ्यासक्रमाची मान्यता काढून घेतली होती. २००३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती परत आली आणि आज तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे. पण मधल्या महिन्यांत तिथल्या विद्यार्थ्यांपुढे काय वाढून ठेवलं होतं याची कल्पना करा. कित्येकांनी दुसऱ्या कॉलेजांची वाट धरली. त्या वेळी ते कॉलेज या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या कॉलेजांपैकी होतं. आकार मोठा म्हणून मान्यता पक्की, असं गृहीत धरता येत नाही.

म्हणून प्रवेशाधिकाऱ्याला हा प्रश्न विचाराच: अभ्यासक्रम बंद पडला किंवा मान्यता गेली तर चालू विद्यार्थ्यांसाठी 'टीच-आउट' योजना, म्हणजे दुसरीकडे शिक्षण पुरं करायची सोय, आहे का, आणि कोणत्या कॉलेजबरोबर आहे? प्रश्न ऐकून समोरचा माणूस कसा वागतो, त्यावरूनही बरंच कळतं.

पुढे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे व्हीएमध्ये, काम करायचं मनात असेल तर तिथेही सीसीई-मान्य कॉलेजची पदवी ही अटच आहे. या नोकऱ्या मोजक्या आहेत, पण स्थिर आहेत, आणि इतर डॉक्टरांच्या बरोबरीने काम शिकायला मिळतं ते वेगळंच.

४. निकालाचे आकडे: दोन टक्केवाऱ्या एकत्र वाचा

सीसीईच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजला दोन आकडे जाहीर करावे लागतात. ते वाचता आले की माहितीपुस्तिकेतली गोड वाक्यं आपोआप गळून पडतात.

पहिला आकडा परीक्षेतल्या यशाचा. पदवीनंतर सहा महिन्यांच्या आत एनबीसीईच्या चारही भागांत किती जण उत्तीर्ण झाले, याची टक्केवारी. गेल्या चार वर्षांची भारित सरासरी ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये, अशी सीसीईची अपेक्षा आहे.

दुसरा आकडा अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा. ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात किती जणांनी पदवी मिळवली. इथली किमान पातळी ७० टक्के.

आता यातली गोम. पहिल्या आकड्यात मधेच सोडून गेलेले विद्यार्थी येतच नाहीत. जे शेवटपर्यंत टिकले आणि परीक्षेला बसले त्यांचाच हा निकाल. म्हणजे पहिल्या वर्षात कच्च्या विद्यार्थ्यांना गळू दिलं की परीक्षेची टक्केवारी आपोआप सुधारते. दोन काल्पनिक कॉलेजं घेऊन पाहू.

कॉलेज 'अ': परीक्षेत यश ९२ टक्के, पूर्ण करणारे ७२ टक्के.
कॉलेज 'ब': परीक्षेत यश ८४ टक्के, पूर्ण करणारे ९० टक्के.

जाहिरातीत 'अ' उजवं दिसतं. पण १०० जणांनी प्रवेश घेतला असं धरा. 'अ'मध्ये ७२ जण पदवीपर्यंत पोचले आणि त्यातले ९२ टक्के उत्तीर्ण झाले, म्हणजे साधारण ६६. 'ब'मध्ये ९० पोचले आणि त्यातले ८४ टक्के, म्हणजे साधारण ७६. पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या तुमच्यासारख्याच्या दृष्टीने 'ब' सरस आहे. दोन्ही आकडे एकाच तुकडीचे नसतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण कोणत्या कॉलेजकडे अधिक बारकाईने पाहायचं हे कळायला तेवढा पुरतो.

एवढ्यावर थांबू नका. पुढच्या चार बाजूही तपासा.

सरासरीमागचं वर्ष पाहा. चार वर्षांची सरासरी ८५ असेल, पण त्यात ९२, ८९, ८२, ७७ अशी घसरण दडलेली असू शकते. वर्षवार आकडे दिलेले असतील तर ते वाचा, नसतील तर मागा.

'उत्तीर्ण' म्हणजे कितव्या प्रयत्नात? सहा महिन्यांच्या आत चारही भाग सुटले की माणूस यशस्वी गणला जातो, मग एखादा भाग त्याने तिसऱ्यांदा दिलेला असला तरी. प्रत्येक प्रयत्नाची फी वेगळी आणि गेलेला वेळ वेगळा. पहिल्या भागातलं पहिल्याच प्रयत्नातलं यश किती, हे कॉलेजला विचारा. मूलभूत विषय कॉलेज कसं शिकवतं ते या आकड्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. माझ्या मते कॉलेजबद्दल एकच आकडा मागायची मुभा असती, तर मी हाच मागितला असता.

'दीडपट काळ' म्हणजे किती? दहा ट्रायमेस्टरच्या अभ्यासक्रमाला पंधरा, म्हणजे पाच वर्षं. वेळेत पूर्ण करणारे किती आणि लांबणीवर पडलेले किती हे या आकड्यातून दिसत नाही. प्रत्येक जादा ट्रायमेस्टर म्हणजे जादा फी, जादा भाडं, आणि व्हिसावर असाल तर मुदतवाढीची धावपळ. वेळेत पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वेगळं विचारा.

आणि 'प्लेसमेंट'. या शब्दाची सगळ्या कॉलेजांना बांधणारी व्याख्या नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी उत्तर दिलं, 'काम मिळालं' म्हणजे पूर्णवेळ पगार की कुणाच्या दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस कमिशनवर, हे विचारल्याशिवाय '९५ टक्के प्लेसमेंट'ला काही अर्थ नाही.

शक्य असेल तर सध्या सातव्या-आठव्या ट्रायमेस्टरमध्ये असलेल्या दोघा-तिघांशी बोला, आणि ते प्रवेश कार्यालयाने नेमून दिलेले नसावेत. त्यांना विचारा: तुमच्याबरोबर सुरू केलेल्यांपैकी आज वर्गात किती आहेत? क्लिनिकमध्ये खरे रुग्ण मिळतात, की आकडा भरायला आपल्याच मित्रांना आणावं लागतं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही तक्त्यात छापलेलं नसतं.

कॉलेजांच्या विचारसरणीतही अंतर आहे. काही कॉलेजं मणक्यातल्या 'सबलक्सेशन'भोवती, म्हणजे मणका जागेवरून किंचित सरकतो या जुन्या कल्पनेभोवती, सगळं उभारतात, काही निदान, पुनर्वसन आणि संशोधनाच्या पुराव्यावर भर देतात. व्याख्यानांच्या चित्रफिती पाहा, अभ्यासक्रमातले विषय वाचा. रुग्णालयात इतर डॉक्टरांबरोबर काम करायचं असेल तर दुसऱ्या प्रकारचं कॉलेज घ्यावं असं माझं ठाम मत आहे. कॉलेज कोणतंही असो, कोणता दावा पुराव्याने सिद्ध झालाय आणि कोणता नाही हे स्वतः वाचायची सवय लावून घ्या. आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या रुग्णाचं आपण तेवढं देणं लागतो.

५. प्रवेशाची पात्रता आणि कागदपत्रं

सर्वसाधारण अट अशी: ९० सेमिस्टर तासांचं पदवीपूर्व शिक्षण, गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, ४ पैकी किमान ३.०, आणि त्यात जीवशास्त्र-भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र या प्रकारच्या विज्ञान विषयांचे २४ सेमिस्टर तास. त्या विज्ञान विषयांपैकी निदान निम्म्यांना प्रयोगशाळेची जोड हवी. जीपीए २.७५ ते २.९९ असेल तर पर्यायी प्रवेशमार्ग असतो. त्यात कॉलेज तुमच्यासाठी वेगळी अभ्यासयोजना आखतं. त्या मार्गाने आलेल्यांचं पुढे काय होतं, हे विचारायला संकोचू नका.

अमेरिकेबाहेर शिकलेल्यांसाठी कागदपत्रांची यादी:

- सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाने थेट बंद लिफाफ्यात किंवा ऑनलाइन पाठवलेल्या
- पदवी प्रमाणपत्र
- मूल्यमापन संस्थेचा अहवाल, 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारचा
- विज्ञान विषयांचा अधिकृत अभ्यासक्रम, प्रात्यक्षिकांच्या तासांसह
- इंग्रजीच्या परीक्षेचे गुण
- पासपोर्ट आणि आर्थिक तरतुदीचे पुरावे

मूल्यमापनाचा स्वस्तातला अहवाल फक्त 'ही पदवी अमेरिकेतल्या अमुक पदवीच्या बरोबरीची' एवढंच सांगतो. तो इथे कामाचा नाही. विषयवार क्रेडिट आणि जीपीए दाखवणारा अहवालच लागतो. कोणत्या संस्थांचा अहवाल चालतो ते कॉलेजला आणि तुमच्या राज्याच्या बोर्डालाही विचारा, नाहीतर तेच काम दोनदा पैसे भरून करावं लागेल. प्रात्यक्षिकांचे तास गुणपत्रिकेवर वेगळे छापलेले नसतील तर विद्यापीठाकडून तसं पत्र आधीच काढून ठेवा.

नावाचंही सांगते. आपल्याकडे एका गुणपत्रिकेवर आडनाव आधी, दुसरीवर शेवटी, मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर पतीचं. इथे कॉलेज, एनबीसीई, बोर्ड आणि व्हिसाची कागदपत्रं यांत नाव अक्षरशः जुळावं लागतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव पहिल्या अर्जापासून सगळीकडे लावा, आणि नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र हाताशी ठेवा.

६. पैशाचा हिशोब

बहुतेक ठिकाणी नुसती फीच एक लाख डॉलरच्या पुढे जाते. राहणं-खाणं, पुस्तकं आणि परीक्षांचे काही हजार डॉलर वेगळे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्यानुसार २०२३ मध्ये पगारदार कायरोप्रॅक्टरांचं मध्यक वार्षिक वेतन ७६,५३० डॉलर होतं. स्वतःचा दवाखाना चालवणारे त्या आकड्यात धरलेले नाहीत, आणि नव्याने लागलेल्याला मध्यकाइतकं मिळेलच असं नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून कर्जाचा मासिक हप्ता काढा, आणि मगच सही करा.

नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचं कर्ज बंद, आणि व्यावसायिक पदव्यांसाठी केंद्रीय कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्यांना केंद्रीय कर्ज मिळतच नाही. शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या संकेतस्थळावर कॉलेजवार कर्ज आणि कमाईचे आकडे पाहता येतात. तेही चाळा.

७. एनबीसीईच्या परीक्षा

कोलोराडोतल्या ग्रीली इथली ही संस्था १९६३ पासून आहे. भाग एक मूलभूत विज्ञानाचा: सामान्य शरीररचना, मणक्याची रचना, शरीरक्रिया, रसायन, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र. भाग दोन निदान, इमेजिंग आणि कायरोप्रॅक्टिकची तत्त्वं व उपचार यांचा. भाग तीन रुग्णाच्या प्रकरणांवर आधारलेला लेखी पेपर. भाग चार प्रात्यक्षिक: हाताचं तंत्र, रुग्ण हाताळणी. उत्तीर्ण व्हायला ३७५ गुण लागतात. हे गुण विशिष्ट मापावर बसवलेले असतात, त्यामुळे त्यांवरून 'किती टक्के बरोबर' हे काढायला जाऊ नका.

फिजिओथेरपीचा पेपर 'ऐच्छिक' म्हणवला जातो आणि इथेच लोक फसतात. एनबीसीईच्या दृष्टीने तो ऐच्छिक आहे, अनेक राज्यांच्या दृष्टीने सक्तीचा. तुमचं सध्याचं राज्य मागत नसेल तरी तो देऊन टाका. अभ्यास ताजा असताना सोपा जातो. दहा वर्षांनी राज्य बदलायची वेळ आली तर पुन्हा पुस्तकं उघडावी लागतात.

पहिला भाग पुढे ढकलू नका. त्याचे विषय संपतात आणि क्लिनिकची गडबड सुरू होते, तेव्हा जीवरसायनाचं पान उघडायला कुणालाच सवड नसते. शिवाय तो न सुटल्यास तिसऱ्या आणि चौथ्या भागाचं दार उघडत नाही. परीक्षेच्या तारखा, अर्जाच्या मुदती आणि कॉलेजकडून लागणारी पात्रतेची संमती हे सगळं एका कॅलेंडरवर मांडा. कॉलेजचं कार्यालय आठवण करून देईल या भरवशावर राहू नका.

८. परवान्याचा अर्ज

पदवीच्या निदान सहा महिने आधी बोर्डाचा फॉर्म उतरवून घ्या. साधारणपणे लागणाऱ्या गोष्टी:

- डीसीच्या अंतिम गुणपत्रिका, पदवीची तारीख असलेल्या, कॉलेजकडून थेट
- एनबीसीईची अधिकृत गुणपत्रिका, एनबीसीईकडून थेट
- पदवीपूर्व शिक्षणाच्या गुणपत्रिका किंवा मूल्यमापन अहवाल
- बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी
- राज्याच्या कायद्याची परीक्षा, असल्यास
- सीपीआरचं प्रमाणपत्र, जिथे मागतात तिथे
- फी, फोटो, नोटरी

'थेट' हा शब्द गंभीरपणे घ्या. तुम्ही स्वतः अपलोड केलेली प्रत बोर्डं सहसा धरत नाहीत. अर्जातल्या गुन्हे आणि शिस्तभंगाच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. जुना किरकोळ दंड सांगितल्याने सहसा काही बिघडत नाही, लपवलेला सापडला तर मात्र प्रकरण चिघळतं.

एफ-१ व्हिसावरच्यांनी हे डोळ्यांत तेल घालून वाचावं. पदवीनंतर काम करायला ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. त्याचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. आणि परवाना नसताना कायरोप्रॅक्टर म्हणून रुग्ण तपासता येत नाहीत. चौथा भाग पदवीनंतर दिला, निकालाला आठवडे गेले, बोर्डाच्या बैठकीची वाट पाहिली, की ते ९० दिवस कुठे गेले कळत नाही. म्हणून चारही भाग पदवीआधीच सुटतील अशी आखणी करा, ओपीटीची सुरुवातीची तारीख विचारपूर्वक निवडा, आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी शेवटून दुसऱ्या ट्रायमेस्टरमध्येच बसून बोला. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तरी राज्याचा परवाना लागतोच.

पहिल्या नोकरीचा करार सही करण्याआधी वाचा. 'असोसिएट' म्हणून घेताना तुम्हाला कर्मचारी धरतात की स्वतंत्र कंत्राटदार, मूळ पगार किती आणि टक्केवारी कशावर, सोडून गेल्यावर किती मैलांत प्रॅक्टिस करायची नाही, हे मुद्दे पाहा. व्हिसावर असाल तर वकिलाला दाखवाच.

९. परवाना मिळाल्यावर लगेच करायच्या गोष्टी

एनपीआय, म्हणजे आरोग्यसेवा देणाऱ्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या, तो मोफत मिळतो. रुग्णाला हात लावण्याआधी व्यावसायिक जबाबदारीचा विमा सुरू करा. तुमच्या दवाखान्यात एक्स-रे यंत्र असेल तर राज्याच्या नोंदणीची चौकशी करा.

मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे नियम पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. कायरोप्रॅक्टरने दिलेल्या सेवांपैकी मेडिकेअर फक्त सबलक्सेशनसाठी हाताने केलेल्या मणक्याच्या मॅनिप्युलेशनचे पैसे देतं. तपासणी आणि एक्स-रे यांचे देत नाही. आणि इतर डॉक्टरांना असते तशी मेडिकेअरमधून पूर्ण बाहेर पडण्याची मुभा कायरोप्रॅक्टरांना नाही. ज्येष्ठ रुग्ण आला आणि 'रोखीने बघू' म्हणून वेळ मारून नेली, तर कायद्याच्या कचाट्यात सापडाल.

नूतनीकरणाची तारीख आणि सततच्या शिक्षणाचे तास राज्याप्रमाणे बदलतात. एफसीएलबीच्या 'पेस' यादीतले कोर्स बरीच राज्यं मान्य करतात, सगळी नाही. पैसे भरण्याआधी पाहून घ्या, आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा.

राज्य बदलायचं झाल्यास नवं बोर्ड जुन्या बोर्डाकडून तुमच्या परवान्याचा स्वच्छ दाखला मागवतं. परीक्षा देऊन बरीच वर्षं झाली असतील तर काही राज्यं एनबीसीईची स्पेक ही वेगळी परीक्षा द्यायला सांगतात. जुना परवाना नवा हातात येईपर्यंत चालू ठेवा. तो मधेच संपू दिला तर साधी बदली न राहता काही ठिकाणी प्रकरण नव्या अर्जावर जातं.